कार्डावरचे तीन शेरे

बद्रीनाथ पुंगळेला कुणी चहा पाजला, की तो आधी कपाकडे बघायचा आणि मग पाजणाऱ्याकडे. फुकटचा चहा नावाची वस्तू जगात असते, यावर त्याचा विश्वास नव्हता. चहामागे काम असते, कामामागे मतलब असतो आणि मतलबामागे आणखी एखादा माणूस उभा असतो. तो कोण, हे हुडकून काढेपर्यंत चहा गार होऊन जायचा. जालन्याच्या नोकरी नोंदणी कचेरीत तो क्लार्क होता. लोक त्या कचेरीला नुसते ‘एम्प्लायमेंट’ म्हणायचे, आणि बद्रीनाथला त्याच्या माघारी ‘सीआयडी’.

त्या काळात शिकून बाहेर पडलेला जिल्ह्यातला प्रत्येक जण या कचेरीच्या खिडकीवर येऊन गेलेला असे. नाव नोंदवायचे, कार्ड तयार व्हायचे, त्याला नंबर पडायचा. कारखान्याला माणसे हवी असली, की त्याने कचेरीकडे मागणी पाठवायची. मग कचेरीने पेटीतली कार्डे काढायची आणि ज्याचा नंबर आधी त्याचे नाव आधी, अशी यादी करून धाडायची. यादीत नाव आले की उमेदवाराला पत्र जाई. त्याला ‘कॉल’ म्हणत. कॉलची वाट बघता बघता कित्येकांची लग्ने झाली, पोरे झाली, आणि ती पोरेही पुढे त्याच रांगेत येऊन उभी राहिली.

बद्रीनाथ मूळचा हसनाबादचा, शेतकरी घरातला. त्याचा स्वतःचा पहिला कॉल अठ्ठ्याहत्तर साली औरंगाबादहून निघाला आणि गावातल्या किराणा दुकानात नऊ दिवस पडून राहिला. पोस्टमन म्हणाला, दुकानदाराजवळ दिला. दुकानदार म्हणाला, तुमच्याच माणसाजवळ दिला. तो ‘तुमचा माणूस’ कोण, हे काही शेवटपर्यंत उजेडात आले नाही, आणि मुलाखतीची तारीख होऊन गेली. पुढे एक्याऐंशी साली जालना वेगळा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या निघाल्या, आणि ब्याऐंशीत बद्रीनाथला नोकरी लागली, तीही कार्डांच्या पेट्यांसमोर. आपल्या हातून कुणाचे कार्ड मागचे पुढे होणार नाही, एवढे त्याने पहिल्याच दिवशी मनाशी पक्के केले.

तसे करणे सोपे नव्हते, कारण समोर रोलिंग मिलवाले होते. त्यांची माणसे आधीच ठरलेली असत. कुणी मुकादमाचा मेहुणा, कुणी शेठच्या गावाकडचा. पण कायद्याने मागणी कळवणे भाग होते. म्हणून मागणीच अशी लिहायची, की तिच्यात कुणी बसूच नये. कचेरीने ‘योग्य उमेदवार उपलब्ध नाही’ असा दाखला दिला, की शेठ आपली माणसे भरायला मोकळे. एका मिलने लिहिले, वय विसाच्या आत आणि भट्टीवरचा अनुभव सात वर्षांचा. बद्रीनाथने उलट टपाली विचारले, की या माणसाला तेराव्या वर्षी भट्टीवर कुणी उभे केले होते, त्या कारखान्याचे नाव कळवावे, म्हणजे त्याच्यावर वेगळी कारवाई करता येईल. मिलने ती मागणीच मागे घेतली.

पत्रांवर त्याचे भागत नसे. यादी गेली, की मुलाखतीच्या दिवशी तो सायकल काढून औरंगाबाद रोडच्या एमआयडीसीत जायचा आणि कारखान्याच्या गेटसमोर टपरीवर बसून आत किती गेले, बाहेर किती आले, हे मोजायचा. कचेरीतला शिपाई मच्छिंद्र त्याला म्हणायचा, साहेब, सरकार तुम्हाला याचा पगार देत नाही. बद्रीनाथ म्हणायचा, म्हणूनच तर जातो.

शहाऐंशी साली त्याने आणखी एक उद्योग केला, आणि त्याने त्याचे नाव जिल्हाभर झाले. शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कने यादीत स्वतःच्या साडूचे नाव मधेच घुसवले होते. बद्रीनाथने नंबर ताडून पाहिले आणि वर कळवले. त्या माणसाची बदली झाली. त्या क्लार्कची बायको बद्रीनाथच्या बायकोला, उषाबाईला, भर बाजारात म्हणाली, की तुमच्या घरात बी लेकरू हाये, बघू तुमचे मालक काय करतेत ते. उषाबाईने हे घरी येऊन सांगितले. बद्रीनाथ हसला, पण ते वाक्य त्याच्या डोक्यातून कधी गेले नाही.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात देवानंद देशमाने नावाचा माणूस खिडकीवर आला. पंपाचे व्हॉल्व्ह करणाऱ्या एका नव्या कारखान्याचा तो मॅनेजर होता. आला तो सरळ साहेबांच्या केबिनमध्ये न जाता उमेदवारांच्या रांगेत उभा राहिला. इथेच बद्रीनाथचे कान टवकारले. वर तो माणूस म्हणाला, की मला दाखला नको, माणसे पाहिजेत. संगणकावर चालणारे सहा लेथ येत आहेत, ते चालवायला टर्नर हवेत. तुमच्या नंबरप्रमाणे पाठवा, मी परीक्षा घेतो, पास झाला तो माझा.

बारा वर्षांत एकाही मालकाने दाखला नको म्हटले नव्हते. कुठेतरी पाणी मुरत होते. बद्रीनाथने आठ नावे पाठवली आणि वाट बघत बसला. आठवड्यात आठही जण परत खिडकीवर आले. सगळे नापास. त्यान्ला आपलीच मान्सं भरायचीत, असे आठही जणांचे म्हणणे पडले. बद्रीनाथला मनातून बरे वाटले, हे नाकारण्यात अर्थ नाही. संशय खरा ठरला की त्याला जेवण गोड लागायचे. त्याने सायकल काढली.

देशमानेने त्याला बसवले, चहा मागवला. बद्रीनाथने तो घेतला नाही. देशमाने म्हणाला, उद्या त्याच आठ जणांना पुन्हा बोलवा, तुमच्यासमोर परीक्षा घेतो. दुसऱ्या दिवशी घेतली. मायक्रोमीटर म्हणून एक मुठीएवढे यंत्र असते, त्याच्या दोन जबड्यांत वस्तू धरून तिची जाडी मोजतात, केसाएवढा फरकही त्यात कळतो. समोर लोखंडाचा एक गोल तुकडा ठेवला होता. त्याची जाडी सांगायची, बस. आठही पोरे टर्नरच्या कोर्सला पहिल्या वर्गात पास झालेली, पण एकालाही ती सांगता आली नाही. एकाने तर ते यंत्र अडकित्त्यासारखे धरले. बद्रीनाथने यंत्रच खराब आहे म्हणून दुसरे मागवले. दुसऱ्यावरही तेच. मग त्याने एका पोराला बाजूला घेऊन खडसावले, तेव्हा तो म्हणाला, की आम्ही शिकलो तिथं दोन व्हते, पन कपाटात कुलूप लावून ठुल्ते. फुटलं तर भरून कोन देईल, म्हनून हात लावू देत न्हवते.

म्हणजे मालक खरा होता आणि पोरेही खोटी नव्हती. बद्रीनाथला हे पचायला जड गेले. देशमानेने तोडगा काढला: कचेरीने नंबरप्रमाणे उमेदवार द्यावेत, कारखाना तीन महिने शिकवेल, विद्यावेतन देईल आणि मग परीक्षा घेईल. तीन महिने स्वस्तात राबवून घ्यायचा डाव दिसतो, असे बद्रीनाथच्या मनात आले. त्याने अट घातली, की परीक्षेचा निकाल कागदावर पाहिजे, त्यावर उमेदवाराची सही पाहिजे आणि एक प्रत कचेरीला पाहिजे. देशमाने एका दमात हो म्हणाला. इतक्या जल्दी हो म्हणणाऱ्या माणसाचा तर बद्रीनाथला आणखीच संशय आला.

पण काम चालू झाले, आणि चांगले चालले. दोन वर्षांत चौदा पोरे त्या कारखान्यात चिकटली. बद्रीनाथ महिन्याला एक चक्कर मारायचा, हजेरीतली नावे आपल्या यादीशी ताडायचा, कार्डावरचे फोटो मशीनवरच्या तोंडांशी जुळवायचा. एकही चूक सापडली नाही. त्यामुळे त्याला चैन पडेना.

शहाण्णव साली देशमानेने नवी मागणी दिली: बारा टर्नर, मुलीही चालतील. मुली कशाला, या प्रश्नाने बद्रीनाथला पछाडले. तो पुन्हा कारखान्यात गेला. पाळी साडेचारला सुटते, हे त्याने घड्याळ लावून पाहिले. सुटल्यावर गाडी गावात कुठवर सोडते, हे गाडीत बसून पाहिले. बायकांसाठी वेगळी मोरी बांधली होती. तिची कडी आतून नीट लागते का, हे त्याने स्वतः आत जाऊन, कडी लावून पाहिले. देशमाने तोवर बाहेर उभा होता. कडी बराबर लागत होती. बद्रीनाथने तसा अहवाल लिहिला, की मुलींना पाठवण्यास हरकत नाही.

आता त्याच्या घरात डोकावायला पाहिजे, कारण त्याच्या घरातच एक टर्नर बसून होती.

शिवकन्या त्याची एकुलती एक लेक. दहावी झाल्यावर तिला काय शिकवावे, यावर उषाबाईचे म्हणणे डीएड करावे असे होते. पण मागण्यांचे कागद वर्षानुवर्षे वाचलेल्या बद्रीनाथने सांगितले, की मास्तरणीचा नंबर लागता लागत नाही, टर्नरचा लागतो. शिवकन्येने बापाचे ऐकले. टर्नरच्या वर्गात दोनच मुली होत्या, ती आणि बेबीनंदा. बेबीनंदाचे वडील अंकुशनगरला साखर कारखान्यात कामाला होते, आणि ती शिकायला जालन्यात मावशीकडे राहिली होती. यंत्रांचे कपाट यांच्यासाठीही उघडत नव्हते. पण शिवकन्येने जुन्या बाजारातून एक गंजका मायक्रोमीटर मिळवला, रॉकेलने साफ केला, आणि दोघी मिळून घरातले सगळे मोजत सुटल्या. तवा, आईच्या पाटल्या, दाराची कडी. पोळीची जाडीसुद्धा यांनी काढली, म्हणून उषाबाई सगळ्यांना सांगायची.

त्र्याण्णवमध्ये दोघी पास झाल्या आणि एकाच दिवशी नाव नोंदवायला गेल्या. रांगेत शिवकन्या पुढे, बेबीनंदा तिच्या मागे. म्हणून नंबरही पाठोपाठचे पडले. खिडकीत बद्रीनाथच बसला होता. त्याने लेकीचे कागद इतरांसारखेच उलटेपालटे करून बघितले, मूळ दाखले मागितले, नंबर घातला आणि म्हणाला, चला, पुढचा. शिवकन्येला याचा केवढा अभिमान वाटला होता. माझ्या बापासमोर मी बी रांगेतच, असे ती मैत्रिणींना सांगत फिरली. सगळ्या जगाचा संशय घेणाऱ्या त्या घरात एका माणसावर मात्र तिने कधी संशय घेतला नाही.

तीन वर्षे झाली. कॉल आला नाही. शिवकन्या विचारायची, आबा, कुठवर आलाय नंबर? बद्रीनाथ म्हणायचा, येईल, आपल्या हातात थोडंच हाय. उषाबाईचा भाऊ औरंगाबादजवळ वाळूजला राहायचा, तो दर महिन्याला एखादे स्थळ घेऊन यायचा. शेवटी घरात ठरले, की दिवाळीपर्यंत कॉल आला तर नोकरी, नाही तर येईल त्या स्थळाला हो म्हणायचे. शिवकन्येने ते कबूल केले, कारण नंबर जवळ आला असणार, हा तिचा हिशेब होता. तिचा हिशेब बिलकुल बरोबर होता.

देशमानेच्या बारा जणांची यादी बद्रीनाथने जेवणाच्या सुट्टीत करायला घेतली. कचेरी रिकामी होती. टर्नरची पेटी त्याने समोर ओढली आणि एकेक कार्ड काढत गेला. चौथे कार्ड शिवकन्येचे निघाले. त्याने ते पालथे केले. पाठीमागे शेऱ्यांचे रकाने असतात. त्यात दोन शेरे आधीच होते, त्याच्याच अक्षरात. ‘उमेदवारास कळविले, अनिच्छुक.’ खाली सही, तारीख.

पहिला शेरा त्याने चौऱ्याण्णवमध्ये लिहिला होता. पाइपांच्या एका कारखान्याची मागणी होती आणि तिथला मालक काही त्याला धड वाटला नव्हता. पोरीला तिथे कुठे पाठवायचे, असे म्हणून त्याने तिचे नाव गाळले. पण नाव गाळायला कारण लागते, म्हणून ते कारण लिहिले. दुसऱ्या वेळी कारखाना वेगळा होता, पण त्याच्या मालकाशी बद्रीनाथचे आधीच वाजलेले होते. लेकीचे नाव पाठवले, तर तो म्हणेल की बघा, सीआयडीलाही आमच्याकडेच यावे लागले. पुन्हा अनिच्छुक. दोन्ही वेळा घरी गेल्यावर त्याने शिवकन्येच्या डोळ्यांकडे बघणे टाळले होते, आणि दोन्ही वेळा पुढच्या खेपेला नक्की पाठवू, असे स्वतःला बजावले होते.

आता पुढची खेप समोर होती, आणि या खेपेला कारखान्यात खोट काढायला जागाच नव्हती. त्याने स्वतः कडी लावून पाहिली होती. परीक्षा कागदावर होत होती. लेकीचा नंबर चौथा होता, चोख, कुणालाही ताडून बघता येईल असा. पण लोक नंबर ताडत नाहीत, नाव वाचतात, हे त्याला माहीत होते. पुंगळे हे नाव यादीत दिसले, की पहिल्यांदा कोण काय म्हणेल, ते त्याला पाठ होते, कारण दुसऱ्या कुणा क्लार्कच्या पोरीचे नाव दिसले असते, तर त्याने स्वतःच ते म्हटले असते. आणि समजा ती पास झाली, तर देशमानेने मला खूश ठेवायला तिला पास केले नाही, हे कशावरून? दोन वर्षे तो या माणसाच्या मागे लागला होता. सापडले काही नव्हते, पण म्हणून काही नाहीच, असे थोडेच असते.

बराच वेळ तो कार्ड हातात धरून बसला. मग त्याने तिसऱ्या रकान्यात लिहिले, ‘उमेदवारास कळविले, अनिच्छुक.’ चौथ्या जागी बेबीनंदाचे कार्ड घेतले. दार ढकलून मच्छिंद्र आत आला, तेव्हा पेटी बंद झाली होती.

तीन महिन्यांनी, ऐन दसऱ्याच्या तोंडावर, बेबीनंदा पेढे घेऊन घरी आली. शिकणे संपल्यावर ती अंकुशनगरला परतली होती आणि कारखान्यात तिथूनच एसटीने ये-जा करायची, म्हणून दोघींची गाठच पडली नव्हती. तीन महिन्यांचे शिक्षण झाले होते, परीक्षा झाली होती, बारा जणांत ती पहिली आली होती. ती बद्रीनाथच्या पाया पडली. आतून शिवकन्या धावत आली, तिने मैत्रिणीला मिठी मारली. मग बेबीनंदाने साध्या मनाने विचारले, तू कामून आली न्हाईस? तुला कॉल आला असंल, अन् घरच्यांनी जाऊ दिलं नसंल, असं मला वाटलं. तुझा नंबर तर माझ्या म्होरं हाये.

शिवकन्या थांबली. मग ती उसळून म्हणाली, की हे कारखान्याचेच काम, त्यांनीच आपले नाव खोडले असणार, कचेरीतल्या क्लार्कची पोरगी आत आली तर सगळ्यांवर नजर ठेवील म्हणून. ती हे बापाकडूनच शिकली होती, शब्दसुद्धा त्याचेच होते. ती वळून म्हणाली, “आबा, त्यांनीच खोडलं ना?”

बद्रीनाथच्या तोंडात पेढा होता. खरे सांगायला ती एक घडी त्याला मिळाली होती. त्याने पेढा गिळला आणि म्हणाला, “असंल.”

ते ‘असंल’ त्याला पुढे आयुष्यभर टोचणार होते. तीन शेरे एक वेळ माफ झाले असते, पण या एका शब्दाने त्याने एका सरळ माणसावर आळ जाऊ दिला, आणि तोही लेकीच्या तोंडून.

दुसऱ्या दिवशी शिवकन्या एकटीच एमआयडीसीत गेली. गेटवर भांडली, मॅनेजरला भेटल्याशिवाय हलणार नाही म्हणाली. देशमानेने तिला आत बोलावले. तिने बापाच्याच थाटात यादी दाखवा म्हटले. देशमानेने फाइल काढून तिच्यासमोर ठेवली. कचेरीची मूळ यादी होती, बारा नावे टाइप केलेली, एकही खाडाखोड नाही, खाली बापाची सही. चौथे नाव बेबीनंदाचे. शिवकन्येने ती यादी दोनदा वाचली. देशमाने म्हणाला, की तुमचे नाव आले असते तर मी परीक्षेला बसवले असते. आता बारा भरले, आणि पुढची मागणी दोन वर्षे तरी निघायची नाही.

तिथून ती तडक कचेरीत गेली. बद्रीनाथ साहेबांबरोबर मीटिंगला गेला होता. उमेदवाराला आपले कार्ड बघण्याचा हक्क असतो, हेही तिला घरीच कळलेले होते. तिने मच्छिंद्रकडे ते मागितले. मच्छिंद्रने आधी टाळाटाळ केली, मग पेटी उघडली. कार्डाची मागची बाजू दिसल्यावर तो म्हणाला, “ताई, तुमीच नको म्हन्ले व्हते का?” शिवकन्येने नाही म्हणून मान हलवली आणि कार्ड त्याच्या हातात परत दिले.

घरी त्या दिवशी आरडाओरड झाली नाही. ती झाली असती तर बद्रीनाथला सोपे गेले असते. उषाबाईच एकटी विचारत राहिली, की असे का केले, पोटच्या पोरीचे असे का केले. बद्रीनाथ म्हणाला, की लोक काय म्हणले असते, शहाऐंशी साली मी दुसऱ्याला धरलं, मला कुणी सोडलं असतं का. शिवकन्या भिंतीला टेकून ऐकत होती.

“लोकांनी म्हनलं असतं,” ती म्हणाली, “अन् मी मायक्रोमीटर धरून दाखवला असता. आता मी पास झाले असते का न्हाई, हे मला बी कधी कळायचं न्हाई.”

“देशमान्यानं तुला माझ्याकडं बघून पास केलं असतं तर?”

“म्हंजे मी माझ्या हातानं पास व्हईन, हे तुमच्या मनात एकदा बी आलं न्हाई.”

खरोखरच ते एकदाही बद्रीनाथच्या मनात आले नव्हते. इतकी वर्षे सगळ्यांच्या मनात काय काय असू शकते ते धुंडाळताना, आपल्या पोरीला काम येत असेल ही साधी गोष्ट त्याला सुचलीच नव्हती. त्याला लाज वाटली. पण लाज वाटली एवढे म्हणायलाही त्याची जीभ रेटली नाही.

दिवाळीत मामा स्थळ घेऊन आला. शिवकन्येने त्याला सांगितले, की स्थळ राहू द्या, मला तुमच्याकडे घेऊन चला, वाळूजला कारखाने आहेत. कबूल केलेल्या गोष्टीवर बोट ठेवायची हिंमत घरात कुणाला झाली नाही. ती गेली. दोन महिन्यांत तिचे एकच पत्र आले, तेही आईच्या नावाने.

जानेवारीत एका सोमवारी खिडकीवर गर्दी होती. त्या वर्षी कार्डांच्या बदल्यांचे काम बद्रीनाथकडे होते. एका जिल्ह्यातला उमेदवार दुसरीकडे राहायला गेला, की त्याचे कार्ड, नंबर आणि नोंदणीची जुनी तारीख धरून, तिकडच्या कचेरीला पाठवतात. बद्रीनाथ मान खाली घालून कागद तपासत होता. पुढचा, म्हणाला, आणि समोर आलेला अर्ज त्याने वाचला. शिवकन्या बद्रीनाथ पुंगळे. बदलीचे ठिकाण औरंगाबाद. पुराव्यासाठी मामाचे रेशन कार्ड जोडलेले.

त्याने मान वर केली. ती जराशी वाळली होती. तिने ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनेने लावली होती, कामावरच्या बायका लावतात तशी.

अर्जात एखादी चूक निघावी, असे त्याला वाटले. तारीख राहिलेली असावी, सही चुकलेल्या जागी असावी, म्हणजे आज परत पाठवता येईल, उद्या पुन्हा यावे लागेल, आणि मधल्या एका रात्रीपुरती ती घरी राहील. त्याने अर्ज तीनदा तपासला. चूक नव्हती. अर्ज कसा भरायचा, ते त्यानेच तिला शिकवले होते.

त्याने पेटीतून तिचे कार्ड काढले आणि बदलीच्या पाकिटात घालायला घेतले.

“साहेब,” शिवकन्या म्हणाली. रांगेतले सगळे म्हणत तसेच ती म्हणाली. “तीन शेरे तसेच गेले तर तिथं मला कोन बोलवनार हाये? तीन डाव नको म्हनलेल्या बाईला?”

मागे पंधरा-वीस माणसे उभी होती. शेजारच्या टेबलावरचा नवा क्लार्क काम थांबवून बघत होता. शेरे खोडायचे तर कारण लिहावे लागेल, आणि कारण लिहिले, की चौकशी लागणार, हे बद्रीनाथइतके त्या कचेरीत कुणाला माहीत नव्हते. चौदा वर्षे ज्या नावावर तो ताठ मानेने चालला होता, ते नाव या एका कार्डावर आडवे होणार होते. त्याने पेनाचे टोपण काढले. तिन्ही शेऱ्यांवर आडव्या रेघा मारल्या आणि खाली सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिले: ‘वरील तिन्ही शेरे खोटे आहेत. उमेदवारास कॉल पाठविण्यातच आला नव्हता. शेरे मी लिहिले.’ मग सही केली, तारीख घातली आणि कार्ड खिडकीतून तिच्यापुढे सरकवले.

शिवकन्येने ते उचलले. एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचले. कार्ड पालथे करून नंबर बघितला, नोंदणीची तारीख बघितली, पुन्हा उलटे करून शेवटची ओळ बघितली. आणि कार्ड परत त्याच्याकडे सरकवले.

“ह्याच्यावर मोठ्या साहेबांची सही आन् शिक्का लागंल.”

“माझी सही हाये की,” बद्रीनाथ म्हणाला.

“हाये. पन वरच्या तिन्हीखाली बी तुमचीच व्हती.”

बद्रीनाथ कार्ड घेऊन उठला आणि त्याने मोठ्या साहेबांच्या केबिनचे दार वाजवले.